पाटातला बांध

बाळांनो, क्षणभर समजा की तुम्ही पाणी आहात. धडगावपलीकडच्या डोंगरात ओढ्यातून निघता, दगडी पाटानं रमतगमत टाकीत येता आणि तिथून जाड पाइपातून धाडकन खाली. खाली लोखंडी चाक उभं. त्याच्या पात्यांवर तुम्ही आदळलात की ते फिरतं. चाकाच्या दांड्यावर चुंबक, भोवती तांब्याच्या तारांची वेटोळी. चुंबक फिरलं की तारांतून वीज धावते. तुम्ही मात्र परत ओढ्यात, होतात तेवढेच.

त्या सकाळी रूपलीबाईच्या यंत्रघरातलं हे चाक मंदावत मंदावत थांबलं. त्याच्यावर चालणारी पिठाची चक्कीही थांबली. रूपलीबाईचा मुलगा भरत बायकोसह ऊसतोडीला निघाला होता. दुपारी जीप येणार आणि सोबत न्यायची ज्वारी अजून पोत्यातच.

"आया, दिवाळी करून यंत्रही दमलं का गं?" भरत म्हणाला.

"ते कशाला दमतंय? दमायला मी आहे ना."

अकरा वर्षं रूपलीबाई टाकीकडची ही चढण चढत होती. आज गुडघे ऐकेनात. टाकीच्या जाळीत पाला नव्हता, म्हणून ती पाटाकाठानं आणखी वर गेली. वळणावर दगड, चिखल आणि पळसाची पानं रचून कुणीतरी पाणी शेतात वळवलं होतं. कोरड्या पडलेल्या पाटात नऊ वर्षांची नात, भरतची रविना, टोपलीत मासे धरत होती.

दूर जाणाऱ्याला मासे खाऊ घालून धाडायची पाड्याची रीत. त्यासाठी लोक ओढा अडवत. पाट कुणी अडवत नसे.

रूपलीबाई दगडावर बसली. रागवायचंही त्राण नव्हतं.

"पाणी तुटलं की चाक थांबतं, शिकवलं होतं ना तुला?"

"चक्कीचा आवाज बंद झाला तेव्हा आठवलं."

"मग बांध फोडायचास."

रविना टोपलीत बघत राहिली. "पीठ झालं नाही तर बा जाणार नाही."

"जाईल गं. जीप थांबत नाही. तिकडे पोचल्यावर तुझी आई रांधेल काय, एवढाच प्रश्न."

रविनानं बांधाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तूच काढ ना दगड."

"मला वाकवत नाही आता."

रविनानं चार माशांची टोपली आजीच्या मांडीवर ठेवली, घोटाभर चिखलात उतरली आणि सगळ्यात मोठ्या दगडाला दोन्ही हात घातले.