चौथ्या मिनिटाचा हिरवा दिवा

वहिनी चार्जर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात डिझाइनचं काम करत. धाकटा दीर सुतार. त्याच्या ड्रिलच्या दोन निकेलच्या बॅटऱ्या भरायला सात-आठ तास लागायचे. म्हणून नव्या चार्जरचा पहिला नग वहिनींनी त्यालाच दिला, आणि देताना जरा जास्तच ऐटीत दिला.

"भावजी, आता तासाभरात बॅटरी भरेल. आत एक चिप आहे. बॅटरी पूर्ण भरली की तिचं व्होल्टेज केसभर खाली येतं. चिप तो उतार बरोबर हेरते आणि चार्जिंग थांबवते. तुम्ही फक्त हिरवा दिवा बघायचा."

"म्हणजे मला डोकं चालवायचं कामच उरलं नाही."

"आधी तरी कुठे फार होतं," वहिनी म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी भावजी जेवायला बसले आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "वहिनी, तुमची चिप पाहुणी म्हणून फार परवडेल. दोन घास खाते आणि पोट भरलं म्हणते."

"म्हणजे?"

"चौथ्या मिनिटाला हिरवा दिवा. ड्रिल चार स्क्रू मारतं आणि मान टाकतं. मग मी बॅटरी काढतो, लावतो, परत काढतो, लावतो. तिसऱ्या खेपेला लाजेकाजेस्तव भरते."

"नीट बसवत नसाल."

"वीस वर्षं दारं-खिडक्या बसवतोय. बॅटरी बसवता येत नाही, हे आज कळलं."

वहिनींना ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार्जर आणि दोन्ही बॅटऱ्या कारखान्यात नेल्या, तीन-तीनदा भरून पाहिल्या. दर वेळी तासाला दोन-चार मिनिटं कमी असताना पूर्ण भरून हिरवा दिवा. त्यांनी चार्जरवर चिठ्ठी चिकटवली, 'चार्जर उत्तम. वापरणाऱ्याची तपासणी बाकी', आणि तो परत पाठवला. भावजींनी चिठ्ठी काढली नाही. आल्या-गेल्याला वाचून दाखवली. पण पंधरा दिवसांत पुन्हा तेच रडगाणं.

"तुमच्याकडे शहाणी, माझ्याकडे वेडी," भावजी म्हणाले. "माणसांचंही असंच असतं म्हणा."

शेवटी सासूबाई वैतागल्या. त्यांच्या खोलीचं दार दुरुस्तीला काढलेलं, ते ड्रिल चालेना म्हणून आठवडाभर दिराच्या वर्कशॉपमध्ये भिंतीला टेकून उभं होतं. "तुम्ही दोघं एकमेकांना टोमणे मारा. मी पडदा लावून राहते," त्या म्हणाल्या. वहिनी मीटर पिशवीत टाकून वर्कशॉपवर गेल्या.

भावजी त्याच दाराला रंधा मारत होते. चार्जरच्या मागे भिंतीला प्लायवुडचा एक तुकडा ठोकलेला होता, आणि त्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंदी होत्या. कुठली बॅटरी, किती दिवस पडून होती, कितव्या मिनिटाला दिवा लागला. वहिनी वाचत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. चौथ्या मिनिटाच्या सगळ्या नोंदी दुसऱ्या, राखीव बॅटरीच्या होत्या, आणि दर वेळी ती आठ-दहा दिवस कपाटात पडलेली होती.

"ती राखीव बॅटरी आता कुठे आहे?"

"कपाटात. बारा दिवस झाले."

वहिनींनी ती लावली आणि मीटर जोडला. व्होल्टेज भराभर चढलं, तिसऱ्या मिनिटाला अडखळलं, जरासं घसरलं. चौथ्याला हिरवा दिवा.

त्यांना सगळं उमगलं. बरेच दिवस पडून राहिलेली बॅटरी सुरुवातीला थोडा वेळ असाच लहरीपणा करते. म्हणून तर सुरुवातीच्या काही मिनिटांतला उतार मनावर घेऊ नको, असं चिपला बजावून ठेवायची सोय असते. भरलेलीच बॅटरी कुणी पुन्हा लावली तर ती तापू नये, या काळजीनं वहिनींनी तसा रेझिस्टर लावून ती वेळ सगळ्यात कमी ठेवली होती. आणि कारखान्यात आलेली बॅटरी भावजींनी काढून-लावून आधीच जागी केलेली होती.

"भावजी, चूक माझी आहे."

रंधा थांबला. भावजी काही तरी खमंग बोलणार म्हणून वहिनी वाट बघत राहिल्या. पण भावजींनी स्टूल पुढे सरकवलं आणि चहा सांगितला. "मोठी आहे का चूक?" त्यांनी विचारलं.

"एका रेझिस्टरएवढी. पण असे दोनशे चार्जर येत्या गुरुवारी गिऱ्हाइकांकडे निघणार आहेत."

"मग चहा राहू द्या. पळा."

वहिनींनी प्लायवुडचा तुकडा उपटला आणि काखोटीला मारून थेट कारखान्याच्या मालकांसमोर ठेवला.

"हा कुठल्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट?" मालकांनी विचारलं.

"आमच्या दिराचा. सुतार आहेत."

मालकांनी दोनदा वाचला. गुरुवारची रवानगी सोमवारवर गेली. दोनशे खोकी उघडली, दोनशे रेझिस्टर बदलले, त्यातले साठ वहिनींनी स्वतः. तीन दिवस त्यांची मान वळत नव्हती आणि पॅकिंगवाल्या बायका त्यांच्याशी बोलत नव्हत्या. त्याच आठवड्यात सासूबाईंच्या खोलीला दार लागलं.

पुढच्या चार्जरचा नमुना तयार झाला तेव्हा मालकच म्हणाले, आधी महिनाभर तुमच्या दिरांकडे द्या. आठ दिवसांनी भावजींकडून प्लायवुडचा नवा तुकडा आला. त्यावर एकच ओळ होती: 'चार्जिंग ठीक. दिवा चुकीच्या बाजूला, बॅटरी लावताना हाताआड जातो. बनवणाऱ्यानं कधी ड्रिल धरलं आहे का?'

वहिनींच्या ओठांवर उत्तर तयार होतं. ते त्यांनी गिळलं, आणि ड्रॉइंगवर दिवा उजवीकडे सरकवला.