रेच्यावरची शिकवण

काठीचा फटका असा बसला, की काजलच्या मनगटावर लालभडक वळ उठला.

"हात काऊन घातला आत?" चंद्रभान ओरडला.

"कापूस अटकला होता, मामा!"

"अटकू दे! पहिले बटन बंद, मंग रोलर थांबू दे, मंग हात. बोटं गेल्यावर भाकर कायनं थापशील?"

शेजारच्या रेच्यावरची देवकाबाई हसली. "रडू नको वं. मीबी लय खाल्ला मार. पाह्य, दहाच्या दहा बोटं हायेत."

आंजीच्या रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढणारे बारा रेचे होते. नवी बाई आली की आठ दिवस चंद्रभानच्या हाताखाली. त्याची रीत एकच. मागे उभं राहायचं, हात चुकला की हाणायचं. तोही असाच शिकला होता. त्याच्या वस्तादाच्या हातात तर लोखंडी सळई असायची. अकरा वर्षांत त्याच्या रांगेत कुणाचं नखही गेलं नव्हतं. मालक बबनराव हे चारचौघांत सांगत, तेव्हा तो मान खाली घाली, पण छाती फुगलेली असे.

काजलच्या नवव्या दिवशी तो पहिल्यांदाच तिला सोडून, निसटलेला पट्टा चढवायला पलीकडच्या टोकाला गेला.

किंकाळी आली. तो धावत पोहोचला तोवर रोलरांनी तिचा हात मनगटापर्यंत ओढला होता. हाड मोडल्याचा आवाज त्या गोंगाटातही कानात शिरला. त्याने बटन दाबलं. तरी रोलर चार फेरे फिरलाच. तिला गाडीत घालत होते, तेव्हा एक बाई रक्ताचा कापूस वेचून बाजूला टाकत होती. कापसाच्या गठाणीत गेला असता, तर माल परत आला असता.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. तिचा उजवा हात मनगटाशीच संपला होता.

"पोरी, आठ दिवस शिकवलं ना मी तुले?" त्याचा आवाज चढला. "मंग काऊन घातला हात?"

काजल छताकडे पाहत म्हणाली, "मागं वळून पाह्यलं, मामा. तुमी नव्हते."



दुसऱ्या दिवशी बबनरावांनी नवी बाई पाठवली. वर्षाली तिचं नाव. "हिले जरा जास्तच ठोकजो," ते म्हणाले.

चंद्रभानने मुद्दाम मूठभर ओला कापूस रेच्यात अडकवला आणि बटन बंद केलं. वर्षाली अंग चोरून त्याच्या हातांकडे पाहू लागली.

"माह्याकडं नोको पाहू. रोलरकडं पाह्य. थांबला की सांगजो."

तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. मागे रोलरची घरघर हळूहळू उतरत होती.

"थांबला का?"

"नाई, मामा."

त्याने डोळे मिटून घेतले.

"आता?"

"नाई. फिरूनच राह्यला अजून."