कुलपातला अर्थिंग रॉड

मित्रांनो, मी वीज मंडळाचा जुना अर्थिंग रॉड आहे, आणि मी रागावलो आहे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं असा रिवाज आहे. मला आज ते जमणार नाही.

आधी माझं काम सांगतो. मी म्हणजे एक लांब दांडा. टोकाला आकडा आणि आकड्यापासून निघालेली तांब्याची जाड तार. वायरमन खांबावर काम करण्याआधी लाइन बंद करून त्या तांब्याच्या तारेचं टोक जमिनीतल्या सळईला जोडतो आणि माझा आकडा विजेच्या तारेत अडकवतो. मग कुठून चुकून वीज आलीच, तर ती माझ्यातून मातीत जाते. माणूस वाचतो.

मंडळाच्याच कारखान्यात मी घडलो. उपकेंद्रात आलो तो दोन साडूंच्या हाती पडलो. एकाला सगळे पैलवान म्हणत, कारण तो काडीसारखा बारीक होता. तो वर चढायचा. दुसरा अंगाने आडवातिडवा, त्याला जाड्या म्हणत. तो खाली उभा राहायचा.

"साडूभाऊ, रॉड नीट लागला का रे?" पैलवान विचारायचा.

"लागला. आणि पडलास तर माझ्यावर पड, गादी आहे!"

काम झालं की पैलवान मला स्वतःच्या सदऱ्याने पुसायचा. त्या डागांवरून घरी बोलणी खायचा.

मग मंडळाचे तीन तुकडे झाले. वीज तयार करणारी एक कंपनी, मोठ्या वाहिन्यांची दुसरी, घरोघर वीज देणारी तिसरी. दारावर नवी पाटी लागली, भाषणं झाली, "आता कारभार सुटसुटीत होईल" म्हणाले. उपकेंद्र, जाड्या आणि मी दुसऱ्या कंपनीकडे गेलो. पैलवान तिसरीत गेला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे तर घरं तीन झाली! उपकेंद्राच्या साहेबांनी मला कोठीत टाकून कुलूप ठोकलं.

एका दुपारी बाजारातली तार तुटली. कोठीच्या दाराबाहेर पैलवानाचा आवाज आला.

"साहेब, रॉड द्या तेवढा."

"तुमच्या कंपनीकडे मागा."

"तिकडे अजून आलेच नाहीत."

"मग तो तुमचा प्रश्न. आज दिला की रोजचंच होईल."

जाड्या मध्ये पडला. "साहेब, मी सोबत जातो. मीच परत आणतो."

"तू जागेवर बस. लाइन बंद आहे ना? मग भीती कसली?"

पैलवानाचा फोन सारखा वाजत होता. दुकानदार बोंबलत होते, त्याचं ऑफिस त्याच्यावर ओरडत होतं. तो तसाच गेला.

लाइन बंदच होती. पण बाजारातल्या एका शीतगृहाने आपला जनरेटर चालू केला, आणि ती वीज उलटी तारेत शिरली. पैलवान खांबावरून फेकला गेला. जीव वाचला. उजवा हात कोपरापासून कापावा लागला.

चौकशीला तीन कंपन्यांचे तीन साहेब आले. मला काढून टेबलावर मांडलं. आमचे साहेब म्हणाले, "सुरक्षेचं साधन उपकेंद्रात उपलब्ध होतं. उत्तम स्थितीत."

मित्रांनो, अंगातून वीज गेली तेव्हाही मी इतका तापलो नव्हतो! उत्तम स्थितीत होतो, कारण मला कोणाला हातच लावू दिला नव्हता.

पैलवानाची बायको उठली. "उपलब्ध? माझा नवरा दारात उभा राहून मागत होता! भावजी, तुम्ही होता ना तिथे? मग बोला की!"

जाड्याला नोकरी होती, घरात दोन मुली होत्या. तरी तो उभा राहिला. "होतो मी. किल्ली साहेबांच्या खिशात होती. हे माझ्या नावाने लिहून घ्या."

साहेबांची बदली झाली, अधिक मोठ्या खुर्चीवर. जाड्याचीही झाली, घरापासून दूर. जाण्याआधी त्याने पान्याने कोठीची कडीच उखडली आणि मला फाटकाजवळच्या भिंतीवर टांगलं. त्या दाराला पुन्हा कडी बसवायची हिंमत कोणाची झाली नाही. आता कोणत्याही कंपनीचा वायरमन येतो आणि मला खांद्यावर टाकून नेतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे सांगतात. मला तसं जपू नका. मला उन्हात न्या, चिखलात टाका, माझा आकडा झिजू द्या. मोठेपणी तुमच्याही हाती एखादी किल्ली येईल. तेव्हा कोणी जीव वाचवायचं साधन मागायला दारात आला, तर तो कोणाचा माणूस आहे हे नंतर विचारा. आधी दार उघडा.