समजात म्हणजे काय

दुसऱ्यांदाही गर्भ टिकला नाही, तेव्हा दोघांचंही रक्त तपासायला गेलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची, नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात त्याची आई. "हिच्या अंगात ताकदच नाही," असं ती शेजारणींना सांगायची, सुनेच्या कानावर जाईल अशा बेतानं. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर त्याची गुणसूत्रं दाखवली, जोडीजोडीनं मांडलेली. "ही समजात गुणसूत्रं."

"समजात म्हणजे?" त्यानं विचारलं.

"एकाच लांबीची, एकाच कामाची जोडी. एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून." त्यांनी बोट सरकवलं. "तुमच्या या जोडीतल्या एकाची आणि त्या जोडीतल्या एकाची टोकं आपसात बदललीत. कमी काहीच नाही, म्हणून तुम्ही धडधाकट. पण बाळाकडे त्यातलं एकच गेलं, की कुठे कमी पडतं, कुठे जास्त होतं. मग गर्भ टिकत नाही."

"म्हणजे हिचं काही नाही?"

"काहीच नाही. आणि दर वेळी असं होतंच असंही नाही. तुम्हाला मूल होऊ शकतं."

जिन्यात ती कठड्याला धरून पोटभर रडली. तो शेजारी उभा राहिला.

घरी पोचल्याबरोबर त्यानं आईला सगळं सांगितलं. "हिला बोल लावू नकोस आई. हे माझ्याकडून आहे."

"आणि तुझ्याकडे कुणाकडून आलं?"

"तुझ्याकडून, नाहीतर बाबांकडून. बहुतेक."

"तुझ्याआधी माझी तीन गेली," आई म्हणाली. मग सुनेकडे वळली. "मला जे ऐकवलं गेलं, तेच मी तुला ऐकवत राहिले गं. चुकलंच माझं."

सून म्हणाली, "पण तुम्हाला हे झालेच की."

तिसऱ्या खेपेला चौथ्या महिन्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "बाळातही तीच अदलाबदल आहे, वडिलांसारखीच. म्हणजे सगळं पुरेपूर आहे."

"नाकही यांचंच का?"

"ते यात दिसत नाही," त्या हसल्या.

मुलगी झाली. आजीनं तिला मांडीवर घेतलं आणि लेकाला बजावलं, "कळती झाली, की हिला हे नीट समजावून सांगायचं. उगाच स्वतःला दोष देत बसायला नको."