पाच पायांचा घोडा

स्वानंदी घाबरली की मराठी बोलते. एरवी मी मराठीत विचारायचं आणि तिने डचमध्ये नाहीतर इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा वीस-बावीस वर्षांचा करार आहे. त्यामुळे ३१ डिसेंबरला सकाळी दहा वाजता तिचा जपानहून फोन आला आणि पलीकडून नुसतं "आई, मी खूप मोठी चूक केली," एवढंच ऐकू आलं, तेव्हा मी आधी गॅस बंद केला. कढईत ओलीबोलन, म्हणजे इथले वर्षअखेरचे गोड वडे, तळत होते. ते तसेच तेल पीत बसले.

स्वानंदी आमची एकुलती एक. इथे हॉलंडात, आयंडहोवनमध्ये वाढली, ग्रोनिंगनला शिकली. आमच्या ओळखीतली मुलं शिक्षण संपलं की बापाच्याच कंपनीत नाहीतर समोरच्या कंपनीत चिकटतात. ही बया मात्र ऑगस्टमध्ये उठून जपानला गेली, शिमाने नावाच्या प्रांतात, समुद्रकाठच्या एका गावात, मुलांना इंग्रजी शिकवायला. तिच्या बाबांनी, म्हणजे चंद्रहासने, नकाशा मोठा करून करून ते गाव शोधलं आणि म्हणाला, छान आहे. मला काही छान वाटलं नाही. एकच वर्ष, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. पण जानेवारीत शाळा विचारणार होती, अजून एक वर्ष राहतेस का. तिने नाही म्हणावं म्हणून मी देवाला रोज आठवण करून देत होते. त्याला इतर कामं असतात.

नाताळला तिच्या शाळेला दोन आठवडे सुट्टी लागली. बरोबरचे परदेशी शिक्षक थायलंडला पळाले. हिने साध्या गाड्यांचा स्वस्त पास काढला आणि एकटीच फिरत सुटली. रोज फोटो यायचे. बर्फातलं स्टेशन, मांडीवर उघडलेला जेवणाचा डबा, हिरोशिमाच्या ट्राम, मग ओनोमिची नावाचं डोंगरउतारावरचं गाव आणि त्याच्या पायऱ्यांवर बसलेली मांजरं. प्रवासाला गेलेल्या शिक्षकाने परतताना शिक्षकखोलीतल्या प्रत्येकासाठी खाऊ आणायचा, अशी तिथली रीत आहे. म्हणून तिने लिंबाच्या केकचे दोन खोके घेतले होते आणि सव्वीस पुड्या भरतात की नाही ते दोनदा मोजलं होतं. मुलगी एवढं रीतीने वागते आहे म्हणून मी सुद्धा जरा निवांत होते.

आणि चूक झाली ती रीतीतच.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिला टपालाने एक कार्ड आलं होतं. राखाडी रंगाचं, कोपऱ्यात पांढरं कमळ, मध्ये छापलेल्या चार ओळी. पाठवणारे तिच्या शाळेचे उपमुख्याध्यापक, मात्सुरा सर. हिला जपानी बोलता बरं येतं, वाचता येतं ते दुकानाच्या पाट्यांपुरतं. ती आपली हॉलंडची लेक. इथे डिसेंबरात कार्डं येतात, ती भिंतीवर दोरीला लटकवायची, आत काय छापलंय ते कुणी वाचत नाही. ज्याने पाठवलं त्याला उलट पाठवायचं, एवढा एकच नियम. तिने ते लटकवलं. आणि सरांनी सगळ्यांच्या आधी आपली आठवण काढली म्हणून हरखून जाऊन त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने कार्ड रंगवलं. येणारं वर्ष घोड्याचं, म्हणून लाल-सोनेरी घोडा आणि खाली ठसठशीत अक्षरात नवीन वर्षाचं अभिनंदन. मला तेव्हा फोटो पाठवला होता. घोड्याची शेपटी अशी काही काढली होती की मला ती पायच वाटली, पण मी बोलले नाही.

ते राखाडी कार्ड तिने पुढे पुस्तकात खूण म्हणून घातलं. ओनोमिचीला ती उतरली होती त्या घरगुती लॉजच्या मालकीणबाईंनी ते पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, कोण गेलं?

ते दुखवट्याचं कार्ड होतं. मात्सुरा सरांचे वडील ऑक्टोबरात वारले होते. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला, ते घर आधीच सगळ्यांना कळवतं की यंदा आमच्याकडून शुभेच्छा नाहीत. मग त्या घरी कुणी नवीन वर्षाचं कार्ड पाठवत नाही. आपल्याकडे वर्ष पाळतात तसंच. ऑक्टोबरात सर आठवडाभर शाळेत नव्हते, परत आले तेव्हा शिक्षकखोलीत सगळे त्यांच्यासमोर वाकले, म्हणून हीसुद्धा वाकली. तिला वाटलं, आजारी असतील.

मला आधी संतापच आला. फोनने एवढं भाषांतर होतं, त्या चार ओळींवरून फोन फिरवायला काय झालं होतं, असं मी तिला चांगलं फैलावर घेतलं. मालकीणबाईंनी पोस्टात फोन करून पाहिला होता. पण तिथे नवीन वर्षाची सगळी कार्डं राखून ठेवतात आणि एक तारखेच्या सकाळी एकदम वाटतात. गठ्ठे बांधून झाले होते. तिकडे संध्याकाळचे सहा वाजले होते. उद्या सकाळी बापाच्या दुःखात बसलेल्या माणसाच्या दारात माझ्या मुलीचा नाचरा घोडा जाऊन पडणार होता.

"आई, मी परत येते. मला त्या शाळेत जाता येणार नाही. कसं बघू त्यांच्याकडे?"

"ये," मी म्हणाले. एका क्षणाचाही विचार केला नाही.

फोन ठेवला आणि वर तिच्या खोलीत गेले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. लेक तिकडे रडत होती आणि मी इकडे मनातले मांडे खात होते. पलंगावर निळी चादर घातली, उशीचा अभ्रा बदलला, हीटर चालू केला. तेवढ्यात चंद्रहास दूध घेऊन आला. बाहेर पोरं सकाळपासून फटाके उडवत होती, त्यामुळे तो वैतागलेला होता. दारात उभं राहून त्याने चादर पाहिली. मी सगळं सांगितलं. मग त्याने एवढंच विचारलं, "तिला योकेचं सांगितलंस?"

योके आमच्या शेजारी राहते. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही बदललेले, तरी सायकल सोडत नाही. दर दिवाळीला तिला चकल्यांची बशी जाते. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझ्या सासूबाई पुण्यात वारल्या. त्या दिवाळीला आम्ही कंदील लावला नाही, कढई चढवली नाही. खरं तर दुःखाच्या घरी फराळ दुसऱ्यांनी आणून द्यायचा असतो. पण इथे कोण कुणाचं? इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांना वाटलं, जावं की न जावं. उरलेल्या निम्म्यांना वाटलं, कुणीतरी गेलंच असेल. सगळ्यांनी आमचा मान राखला आणि आमच्या दारात चिटपाखरू आलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बेल वाजली. योके. हातात शुभ दिवाळीचं कार्ड आणि बशीभर सफरचंदाचा केक. यंदा चकल्या आल्या नाहीत तेव्हा तुमची तब्येत बरी नसणार, म्हणून मीच आले, असं म्हणाली. माझं टाळकं सरकलं. हिला एवढं कळत नाही का, घरात माणूस गेलंय आणि ही शुभ कसलं म्हणते? मी तिला दारातूनच वाटेला लावणार होते. पण मागून चंद्रहास आला, त्याने बशी घेतली, तिला आत बसवलं. ती गेल्यावर तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तो केक खात राहिला आणि रडला. पुण्याला चितेपुढे नव्हता रडला. मी पाणी दिलं. तो म्हणाला, "अडीच महिन्यांत आज पहिल्यांदा कुणी दार वाजवलं."

स्वानंदी तेव्हा ग्रोनिंगनला होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. बापाचं रडणं लेकीला सांगायचं नसतं, असं मला उगीचच वाटत होतं.

मी स्वानंदीच्या खोलीत उभी राहिले. हीटर नुकता तापायला लागला होता. तिला परत बोलावणं किती सोपं होतं. आणि ती आलीही असती. पण जी मुलगी तोंड चुकवून येते, ती आपल्या घरातसुद्धा नीट राहत नाही, हे कळायला मला फार अक्कल लागली नाही. नुसतं ते कबूल करायला वेळ लागला.

मी परत फोन लावला आणि योकेचं सगळं सांगितलं, बाबाच्या रडण्यासकट. मालकीणबाई म्हणत होत्या की पहिला आठवडा उलटल्यावर थंडीतली विचारपूस करणारं वेगळं कार्ड पाठवतात, त्यात माफी मागता येते. मी म्हटलं, ते पाठव, पण नंतर. आधी शाळा उघडेल त्या दिवशी त्यांच्यासमोर उभी राहा. मला माहीत नव्हतं, मी वाचलं नाही, चूक झाली, एवढं तोंडाने म्हण. केकची पुडी त्यांच्याही टेबलावर ठेव.

"आणि ते चिडले तर?"

"तर चिडू देत. मीसुद्धा योकेवर चिडले होते. मग नाहीच जमलं तर तिकीट काढ, मी स्वतः स्किपोल विमानतळावर घ्यायला येते."

पुढचे आठ दिवस मी माणसात नव्हते. ती हळूहळू गाड्या बदलत गावाकडे परतली. फोटो येत होते, पण त्यात एकही मांजर नव्हतं.

आठ तारखेला शाळा उघडली. मी एका दंतवैद्याकडे रिसेप्शनला बसते. सकाळी साडेआठला, म्हणजे तिची शाळा सुटायच्या वेळेला, फोन वाजला. समोर एक आजोबा गाल धरून बसले होते. त्यांना एक मिनिट म्हटलं आणि मागे सायकली लावतात तिथे गेले. बर्फ पडलं होतं, कोट घालायचं सुचलं नाही.

स्वानंदी मराठीतच बोलत होती.

तिने सकाळी आधी सगळ्यांच्या टेबलांवर केक ठेवले आणि शेवटी मात्सुरा सरांपुढे जाऊन उभी राहिली. पाठ केलेली वाक्यं अर्ध्यात विसरली. सर उठून उभे राहिले. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिला खुर्ची दिली. मग त्यांनी सांगितलं, त्यांच्या आईचं वय चौऱ्याऐंशी. एक तारखेच्या सकाळी नवराबायकोने दारात बसून पोस्टमनची वाट बघायची आणि आलेली कार्डं मिळून लावायची, हा त्या दोघांचा साठ वर्षांचा परिपाठ. यंदा काही येणार नाही, थंडीत बसू नकोस, असं सरांनी आईला बजावलं होतं. तरी ती जाऊन बसली. पोस्टमन आला आणि त्याने एकच कार्ड तिच्या हातात दिलं.

"मग?" मी विचारलं.

"आजीने ते आजोबांच्या फोटोपुढे ठेवलंय. सर म्हणाले, ऑक्टोबरनंतर ती पहिल्यांदा हसली. मला रविवारी घरी बोलावलंय, आई. आजीला विचारायचंय की घोड्याला पाच पाय का."

मी सायकलच्या सीटला धरून उभी राहिले. रडले, हसले, नाक पुसायला काही नव्हतं म्हणून बाहीने पुसलं. मग तिने डचमध्ये विषय बदलला. शाळेने पुढच्या वर्षाचा कागद दिला होता आणि तिने सही केली होती. एवढं ती भरभर बोलून गेली, आणि मी रागावते का याची वाट बघत थांबली.

मी म्हटलं, शेपटी जरा बारीक काढायला शिक. आणि आत जाऊन गाल धरून बसलेल्या त्या आजोबांना डॉक्टरांच्या खुर्चीत पाठवलं.

संध्याकाळी घरी आल्यावर चंद्रहासला सगळं सांगितलं. तो वर गेला. मी गेले तेव्हा तो तिच्या पलंगावरची निळी चादर काढत होता. दुसरं टोक मी धरलं, आणि आम्ही तिची घडी घातली.