तळाची गायब ओळ

मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळासाठी काकांनी वेबसाइटच्या साच्यांची, म्हणजे टेम्प्लेटची, स्पर्धा भरवली होती. पुतणीचा साचा सगळ्यांत देखणा होता, आणि तिथेच त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. साधे रंग जुळवताना अडखळणारी पोर इतकं सफाईदार काम करेल? त्यांनी कोड उघडला. तळाशी कर्त्याचं नाव असतं. इथे ना दुसऱ्याचं होतं, ना तिचं.

“हे कुणाचं गं?”

“फुकट होतं, काका. कुणीही घ्यावं म्हणूनच ठेवलेलं.”

“घ्यावं की. पण नाव पुसायला कुणी सांगितलं?”

“नाव ठेवलं असतं, तर बक्षीस मिळालं असतं?”

“त्यात तू नवं काय केलंस, ते बघितलं असतं,” काका म्हणाले, आणि तिचा साचा त्यांनी स्पर्धेतून काढला.