यशोदाबाईंसाठी खाली बसणारी गाडी

गाडी गॅरेजच्या फाटकातून आत आली तीच लंगडत. पुढून उंचापुरी, काळीभोर, परदेशी बनावटीची. मागे मात्र डावी बाजू पार चाकावर टेकलेली. उजमाने हातातला पाना बाजूला ठेवला आणि मागे जाऊन वाकून पाहिलं. चाक आणि वरची कमान यांच्यात बोट शिरायला जागा नव्हती.

"लोह्याला चहाला थांबलो तवर चांगली व्हती," गाडीतून उतरत अर्जुनराव म्हणाले. "परत येऊन बघतो तर ही अशी बसलेली, बटण दाबलं तरी उठंना. तिथून इथवर बैलगाडीच्या चालीनं आणली."

अर्जुनरावांचं मुरुडला खताचं दुकान. नवरा-बायको नायगावला निघाले होते. यशोदाबाईंच्या भावाच्या, मल्लिनाथच्या मुलीचा साखरपुडा परवा सकाळी होता. यशोदाबाई पुढच्या सीटवर ताठ बसून होत्या, मांडीवर आहेराच्या साडीची पिशवी, हातात काठी.

देगलूर नाक्याकडचं हे गॅरेज उजमाच्या अब्बांचं, निजामोद्दीन यांचं. ट्रक, जीप, ट्रॅक्टर या सगळ्यांची इंजिनं अब्बांच्या हातातली. उजमा विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन आली तेव्हापासून कॉम्प्युटरवाल्या गाड्या तिच्याकडे. बापलेकीत ही वाटणी कुणी ठरवली नव्हती, आपोआप झाली होती. अब्बा एखाद्या गाडीचं बॉनेट उघडून आत तारांचं जाळं बघायचे आणि शांतपणे हाक मारायचे, "बेटा, तुझी गाडी आली."

आज मात्र त्यांनी हाक मारली नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि अर्जुनरावांना म्हणाले, "हवेवरची गाडी हाय साहेब. लोखंडी स्प्रिंगच्या जागी चार रबरी बलून असतात, कॉम्प्रेसर त्यात हवा भरतो. गाडी जुनी झाली की हे दुखणं लागतंच. माझं ऐका, चारी बलून काढू, साध्या स्प्रिंगा टाकू. पुन्हा कधी बसणार न्हाई."

"लातूरलाबी हेच सांगितलं," अर्जुनराव म्हणाले. "त्यायनी तर कॉम्प्रेसरबी बदलला. चार महिने चालली, पुन्हा तेच. टाका स्प्रिंगा, मिटवा एकदाचं."

"अन् मग मी कशी बसू?"

आवाज गाडीतून आला. यशोदाबाईंनी दार उघडलं होतं. "दोन्ही खुब्यांची ऑपरेशनं झालीत माझी. साधी मोटार लई खाली, वाकता येत न्हाई. जीप लई उंच, पाय उचलत न्हाई. ही गाडी बटण दाबलं की खाली बसती, मी आपली आपण चढते, मग ती उठती. त्यापायीच घेतली ना ही? स्प्रिंग टाकल्यावर बसंल का ती खाली?"

"न्हाई बसणार काकू," उजमा म्हणाली.

"मग दोघं जण धरून उचलून टाकणार मला. मी काय पोतं हाय?"

अब्बांनी डोक्यावरची टोपी मागे सरकवली आणि लेकीकडे पाहिलं. उजमाने खिशातून रबरी हातमोजे काढले. "अब्बा, आज मला बघू द्या. स्प्रिंगा कुठं पळून चालल्यात?"

तिने गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. मागची डावी बाजू खाली आणि कॉम्प्रेसर गरजेपेक्षा जास्त वेळ चाललेला, एवढंच त्याने सांगितलं. म्हणजे हवा कुठून तरी जात होती, आणि गेलेली हवा भरून काढता काढता कॉम्प्रेसर दमत होता. लातूरकरांनी दमलेला बदलला, दमवणारा तसाच ठेवला. पण हवा जाते कुठून?

इंजिन चालू करून तिने गाडी उंच केली. एव्हाना थंड झालेल्या कॉम्प्रेसरने डावी बाजू कण्हत कण्हत वर आणली. गाडीखाली लोखंडी घोड्या लावून उजमा आत सरकली आणि साबणाचं पाणी बलूनवर, नळीवर, जोडांवर सगळीकडे फवारलं. पंक्चरवाला ट्यूबला बघतो तसं टॉर्च धरून निरखून पाहिलं. एक बुडबुडा नाही. पुन्हा फवारलं. काही नाही.

"लातूरलाबी असंच झालं," अर्जुनराव वरून म्हणाले. "फुगा चांगला हाय म्हणले, म्हणून तर कॉम्प्रेसर घातला."

उजमा बाहेर आली आणि कपाळ मनगटाने पुसून थेट यशोदाबाईंकडे गेली. त्या आता अब्बांनी आणून दिलेल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"काकू, गाडी बसायला लागली की तुमाला आधी काय कळतं? ऐकू येतं, हलल्यासारखं वाटतं, काय होतं?"

आजवर हा प्रश्न यशोदाबाईंना कुणी विचारला नव्हता. त्यांनी नीट आठवून सांगितलं. "रस्त्यानं चालू असली की काहीच न्हाई. मला चढवायला खाली बसली की मागून आवाज येतो, कुकरची शिट्टी लांबून यावी तसा. आज लोह्याला मी उतरले तवा ती खालीच ठेवली व्हती. यायनी चहा घेतला, मी दम खाल्ला. तेवढ्यात झालं."

उजमाचे डोळे चमकले. सगळ्यांनी गाडी उंच करून तपासली होती. खाली शिरायचं तर गाडी उंचच करावी लागते! आणि दुखणं दिसत होतं गाडी खाली बसल्यावर.

"काका, मागं सरका. खाली घेऊन बघते."

घोड्या काढून, गाडीत बसून तिने बटण दाबलं. गाडी सुस्कारा सोडत खाली यायला लागली. अर्ध्यावर आली आणि मागून शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. "हा बघा, हितं!" म्हणत अर्जुनराव मोबाईलचा उजेड धरून चाकाशी वाकले आणि त्यांनी हात थेट चाकावरच्या फटीत घातला.

"काका, हात काढा!"

ओरडून उजमा थांबली नाही. दारातून उडी मारून तिने त्यांचा दंड धरला आणि सगळ्या जोरानिशी मागे ओढला. दोघंही फरशीवर आदळले. त्याच क्षणी फुस्स करून गाडीची डावी बाजू खाली कोसळली. कमान चाकावर आपटली. मोबाईल आत राहिला होता. काच फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

अर्जुनराव स्वतःची पाच बोटं उघडून-मिटून बघत राहिले.

"हवेवरच्या गाडीत आधाराशिवाय हात घालायचा न्हाई," उजमा उठत म्हणाली. आवाज करडा होता. "माझ्या गॅरेजात तर न्हाईच."

माझ्या गॅरेजात. अब्बांनी ते ऐकलं आणि दुसरीकडे बघत मिशीला हात लावला.

यशोदाबाई काठी टेकत उठल्या, नवऱ्यापाशी आल्या आणि त्यांचा हात आपल्या हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाल्या, "पोरीचं ऐका आता. अन् गप बसा."

गाडी परत वर उचलून उजमाने घोड्यांची उंची बदलली. गाडीचा सांगाडा बरोबर बसलेल्या उंचीवर येईल असे अब्बांनी चारी घोड्यांखाली लाकडी ठोकळे मोजूनमापून सरकवले आणि एकेकाला लाथ मारून खात्री केली. आता गाडी खाली होती, पण कोसळणार नव्हती. मागचं डावं चाक काढलं आणि त्याचा दांडा खालून जॅक लावून, गाडी बसल्यावर येतो तेवढा वर दाबून धरला. उजमाने कॉम्प्रेसर चालू करून साबणाचं पाणी फवारलं.

बलूनचं रबर खालच्या टोकाला मोजा दुमडावा तसं दुमडलेलं असतं. त्या घडीतून फेसाचा पांढरा गोळा उकळल्यासारखा फुगत बाहेर आला.

"अब्बा, या. बघा."

अब्बा गुडघ्यांवर बसले. रबराच्या घडीत, रोजची धूळ साचून साचून, केसाएवढी चीर पडली होती. गाडी उंच असली की ती चीर बंद होऊन दडायची. गाडी खाली बसली की तोंड उघडायची. यशोदाबाईंसाठी गाडी रोज खाली बसली की रबर जिथे दुमडायचं, नेमकं तिथेच ते फाटलं होतं.

"जबरदस्त," अब्बा म्हणाले. मग बोटाने दुसऱ्या बाजूकडे दाखवलं. "पण उजवा बी त्याच वयाचा हाय. एकटा बदललास तर दोन महिन्यांत काकू उजवीकडं झुकतील."

"दोन मागवते."

तिने हैदराबादच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. माल होता, सकाळच्या बसने येणार होता. ती रात्र पाहुण्यांनी गॅरेजमागच्या घरात काढली. उजमाच्या आईने, अख्तरीने, यशोदाबाईंसाठी पलंगाखाली विटा लावून तो बरोबर त्यांच्या खुब्याच्या उंचीचा करून घेतला. "गाडीपेक्षा तुमचा पलंग शहाणा," यशोदाबाई म्हणाल्या, आणि दोघींची खुब्यांवरून, सुनांवरून, ज्वारीच्या भाकरीवरून अशी गट्टी जमली की गप्पा पहाटेपर्यंत चालल्या.

बसने बलून आले. दुपारपर्यंत उजमाने दोन्ही बसवले. जोड साफ केले, कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा जुना रिले बदलला, हवा भरली, चारी कोपऱ्यांची उंची मोजून स्कॅनरमधून गाडीला ती नव्याने शिकवली. मग गाडी मुद्दाम खाली बसवली, चावी काढून खिशात घातली आणि ती तशीच संध्याकाळभर, रात्रभर सोडून दिली. अर्जुनराव जेवताना दोनदा उठून खिडकीतून डोकावले. उजमा एकदाही उठली नाही.

सकाळी तिने चाकावरच्या फटीत फूटपट्टी धरली. डावीकडे आणि उजवीकडे उंची तेवढीच, कालच्यासारखी.

यशोदाबाई नवी साडी नेसून तयार होत्या. गाडीपाशी आल्या, काठी आत ठेवली, सीटवर टेकल्या आणि कुणाचाही हात न धरता एकेक पाय आत घेतला. उजमाने बटण दाबलं. गाडी कुठेही न कण्हता, चारी कोपऱ्यांनी सारखी वर उठली.

"काही ऐकू येतंय का काकू?"

यशोदाबाईंनी मान तिरकी करून मागे कान दिला. "न्हाई. एकदम चूप."

"मग निघा. साखरपुड्याला उशीर होईल."

"तूबी चल की. भाऊ इचारंल गाडी कुणी नीट केली म्हणून. दाखवते ना."

उजमा हसली. "पुढच्या टायमाला. अब्बांनी एक ट्रक दुरुस्तीला घेतलाय आज, त्याचा गिअरबॉक्स उतरवायचाय."

फाटकासमोर महापालिकेने केलेला भलामोठा गतिरोधक होता. अर्जुनरावांनी तिथे गाडी सावकाश घेतली. मागची बाजू मऊपणे वर गेली, खाली आली आणि सपाट होऊन नायगावच्या रस्त्याला लागली. अब्बा तिथे उभे राहून बघत होते.

"स्प्रिंगा टाकल्या असत्या तर येवढी मऊ गेली नसती," ते म्हणाले आणि ट्रककडे वळत विचारलं, "बेटा, हवेवरच्या अजून किती गाड्या असतील गं आपल्या भागात?"

"लई," उजमा म्हणाली आणि हातमोजे चढवत त्यांच्या मागोमाग आत गेली.